नदीखालून येणारं पाणी आणि भूकंप

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

आई पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घर पडल्याचं ती थोडक्यात सांगते, पाण्याचं मात्र भरभरून. झऱ्याला कितीतरी दिवस गढूळ पाणी येत होतं. आजी ते लुगड्याच्या फडक्यातून चारचारदा गाळून मुलांना द्यायची. "भिंत पुन्हा बांधता येते रे, पण तहान काय थांबते का?" हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

आता मी कॅनडात, व्हँकूव्हरजवळच्या सरे शहरात राहतो. माती तपासणं हा माझा धंदा, म्हणजे इमारतीच्या पायाखाली काय आहे ते भोक पाडून बघायचं. हा प्रदेशही भूकंपाचा आहे. किनाऱ्यापासून जरा दूर, समुद्रतळाशी एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतोय. तिथे शेवटचा महाभूकंप झाला २६ जानेवारी १७०० ला, तीव्रता ९ च्या आसपास. तारीख इतकी नेमकी कळते कारण त्याची त्सुनामी जपानला पोचली आणि तिथल्या लोकांनी ती नोंदवून ठेवली होती. जपानात त्या दिवशी हादरा मात्र कुणालाच जाणवला नव्हता.

माझ्या घरातलं पाणी कुठून येतं हे मला बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं. व्हँकूव्हर परिसराचं सगळं पाणी उत्तरेच्या डोंगरांतून येतं: कॅपिलानो, सीमोर आणि कोक्विटलाम या तीन जलाशयांतून. सरे, डेल्टा, लँगली ही गावं फ्रेझर नदीच्या दक्षिणेला. म्हणजे लाखो लोकांच्या तोंडचं पाणी नदी ओलांडून आणावं लागतं, आणि फ्रेझर काही ओढा नव्हे. १,३०० किलोमीटरहून लांब नदी, मे-जूनमध्ये बर्फ वितळलं की तिचं रूप बघवत नाही.

पूर्वी हे पाणी नदीच्या तळात चर खणून पुरलेल्या नळांतून यायचं. अशा नळाला दोन वैरी. एक, खुद्द नदी. पुरात ती तळ खरवडते, नळावरची माती वाहून जाते, नळ उघडा पडतो आणि मग अधांतरी लटकतो. दुसरा वैरी भूकंप, आणि त्यात खरा दगा देते ती वाळू.

हे समजावून सांगायला मी घरी लेकीला एक प्रयोग करून दाखवला. ॲल्युमिनियमचा खोलगट ट्रे, त्यात बारीक वाळू, वाळूच्या जेमतेम वरपर्यंत पाणी. वाळूत टेबल टेनिसचा चेंडू पुरला आणि वर एक वीट उभी केली. वीट खांबासारखी ताठ. मग ट्रेच्या कडेवर हाताने भराभर टकटक केलं. आठ-दहा टिचक्यांत वाळू चकाकायला लागली, पाणी वर आलं, वीट कलंडून अर्धी आत गेली आणि चेंडू टुपकन बाहेर! लेकीने तो प्रयोग त्या दिवशी सहा वेळा करायला लावला.

झालं काय? वाळूचे कण एकमेकांवर टेकलेले असतात म्हणून ती भार पेलते. हादरे बसले की कण आणखी घट्ट बसू पाहतात, पण मधल्या फटींतल्या पाण्याला पळायला वेळ मिळत नाही. त्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट जमीन काही मिनिटांपुरती दाट पेजेसारखी होते. १९६४ मध्ये जपानच्या निइगाता शहरात याच कारणाने चांगल्या भक्कम इमारती मोडल्या नाहीत, नुसत्या आडव्या झाल्या. काठावरची जमीन तर पातळ झाली की नदीकडे सरकते आणि आपल्याबरोबर नळ ओढत नेते.

यावर इथल्या मेट्रो व्हँकूव्हरने, म्हणजे पाणी पुरवणाऱ्या प्रादेशिक संस्थेने, काढलेला उपाय म्हणजे पोर्ट मान जलबोगदा. कोक्विटलाम ते सरे, लांबी सुमारे १ किलोमीटर, २०१७ मध्ये सुरू झाला. दोन्ही काठांवर जवळपास ६० मीटर खोल शाफ्ट (विहिरीसारखे उभे खड्डे), आणि त्यांना जोडणारा बोगदा नदीच्या तळाच्याही ३० एक मीटर खाली. हिमनद्यांनी हजारो वर्षं दाबून घट्ट केलेल्या थरांपर्यंत खाली जायचं, हा त्यातला डाव. नदी तिथवर खरवडू शकत नाही आणि तिथली माती पातळ होत नाही.

बोगदा ३.५ मीटर व्यासाचा. त्याला काँक्रीटच्या तयार तुकड्यांचं अस्तर आणि त्या अस्तराच्या आत २.१ मीटर व्यासाचा वेल्डिंग केलेला पोलादी नळ. उंच माणूस आत ताठ उभा राहील एवढा. नळ आणि अस्तर यांच्यामधली फट भरून टाकायची.

इथे लोकांना पहिली शंका येते, भूकंपात एवढा लांब नळ तुटणार नाही का? साधा हिशोब मांडतो. जोराच्या भूकंपात जमिनीचा कण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हलतो असं धरा. लाट जमिनीतून सेकंदाला २,००० मीटरने जातेय असं धरा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की जमिनीची ताण कळते: ०.०००२५. म्हणजे दर मीटरला पाव मिलिमीटर. पोलाद साधारण पावणेदोन मिलिमीटरपर्यंत ताणलं तरी सोडल्यावर मूळ जागी येतं. काँक्रीटला मात्र एक दशांश मिलिमीटरलाच बारीक तडे जातात. म्हणून काँक्रीटने माती थोपवायची आणि पोलादाने पाणी सांभाळायचं. अस्तराला चार तडे गेले तरी आतल्या नळाला त्याचं काही नाही.

आणखी एक, जे मला स्वतःला कळायला वेळ लागला. इमारत हलते कारण ती जमिनीवर एकटी उभी असते. खालून धक्का बसला की वरचा मजला मागे राहतो. जमिनीत खोल असलेला बोगदा एकटा नसतो. भोवतालची माती जाईल तिकडे तोही जातो. त्याची गोल कडी क्षणभर जराशी लंबगोल होते आणि पुन्हा गोल.

मग अवघड काय? टोकं! खालच्या घट्ट थरातून शाफ्ट वर येतो तो काठावरच्या सैल वाळूतून. खालचं एका तालात हलणार, वरचं दुसऱ्या. जिथे आडवा नळ शाफ्टमध्ये शिरून उभा होतो, आणि जिथे वर जमिनीजवळ तो गावच्या नळाला जोडला जातो, तिथे सगळी ओढाताण एकवटते. खरी कारागिरी त्या दोन-चार सांध्यांत आहे, आणि बातम्यांमधे फोटो येतो तो मात्र टीबीएमचा, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राचा.

लांबलं. प्रश्न असतील तर विचारा, माझ्या कुवतीप्रमाणे सांगेन.

निगडीची_नीता

फार छान लिहिलंय, आईंचं वाक्य तर मनात राहिलं. एक बाळबोध प्रश्न. तिथे नदीवर पूल आहेच ना? मग नळ पुलावरूनच का नाही नेला?

कोयनाकाठ

नीताताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. पूल आहे, २०१२ चा नवा कोरा. पण २.१ मीटरचा नळ भरला की दर मीटरला साडेतीन टन नुसतं पाणी. किलोमीटरला साडेतीन हजार टन. तेवढा बोजा पुलाने भूकंपातही पेलायचा. शिवाय पूल मुद्दाम सांध्यांवर सरकेल असा बांधलेला असतो, आणि नळाला नेमकं तेच नको असतं. पूल गेला तर पाणीही गेलं, दोन्ही संकटं एकदम. वेगळं ठेवलेलं बरं.

भातसा_वैतरणा

मुंबईच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. लेख आवडला. आमच्याकडे जलबोगदे खोल आहेत ते कातळात, बसाल्टमध्ये. गुंदवली ते भांडुप हा १५ किलोमीटरचा बोगदा जमिनीखाली १०० मीटरहून खोल जातो. कातळ असला की निम्मी काळजी मिटते. तुमच्या इथे वाळू, गाळ, गोटे आणि वर नदी. असल्या जागी टीबीएमच्या तोंडाशी पाण्याचा दाब सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

खोल आहे म्हणून निर्धास्त राहू नये याचंही उदाहरण देतो. २०२३ च्या सुरुवातीला ठाण्यात कुणीतरी बोअरवेल खोदली आणि ती थेट आमच्या जलबोगद्यात उतरली. दुरुस्तीसाठी ३१ मार्चपासून महिनाभर मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. भूकंप नाही, पूर नाही, सहा इंचांचं एक भोक. बोगदा कुठून जातो याचा नकाशा खोदणाऱ्याच्या हातात असणं हीसुद्धा अभियांत्रिकीच आहे असं मी मानतो.

कोयनाकाठ

काका, नकाशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. दाबाचं थोडं सांगतो, म्हणजे इतरांना अंदाज येईल. दर १० मीटर पाण्याला साधारण १ बार, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा असतो जवळपास तेवढा दाब. ६० मीटर खाली गेलं की ६ बार. टीबीएमच्या फिरत्या तोंडामागे एक बंद कप्पा असतो, त्यात खोदलेली माती दाबून ठेवतात, आणि स्क्रूने जेवढी माती बाहेर काढायची तेवढाच टीबीएम पुढे सरकवायचा. जास्त काढली तर वरची नदी आत येईल, कमी काढली तर यंत्र अडेल.

गोट्यांवर घासून तोंडाचे दात झिजले की ते बदलायला माणसांना त्या कप्प्यात जावं लागतं. तेव्हा पाणी थोपवायला कप्प्यात तेवढ्याच दाबाची हवा भरतात. माणसं खोल समुद्रात बुडी मारणाऱ्यांसारखी आधी दाबाला सरावतात, थोडा वेळ काम करतात, आणि मग सावकाश, कामापेक्षा किती तरी जास्त वेळ घेऊन दाब उतरवतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात. माझ्या ओळखीचा एक वेल्डर असं काम करून आलाय. तो म्हणतो, त्या हवेत शिट्टी वाजत नाही आणि सगळ्यांचा आवाज बदलतो. नळ उघडताना मला हटकून त्याची आठवण होते.

हिशोबी

माहिती उत्तम, पण थोडा विरोधी सूर लावतो. एवढा पैसा १ किलोमीटरच्या बोगद्यात घालायचा आणि काठापलीकडे गल्लीबोळांतले नळ जुनेच. भूकंपात ते फुटणार. मग बोगद्याने आणलेलं पाणी रस्त्यावरच वाहून जाणार ना? त्यापेक्षा प्रत्येक घराला पाण्याची टाकी द्या.

कोयनाकाठ

हिशोबी, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मलाही टोचतो. गल्लीतले जुने बिडाचे नळ खरंच फुटतील. म्हणून बोगद्याच्या दोन्ही टोकांना आणि पुढेही टप्प्याटप्प्यावर व्हॉल्व्ह हवेत. फुटलेला भाग तोडायचा आणि बाकीच्यात दाब टिकवायचा. पण गल्लीतला नळ दोन दिवसांत दुरुस्त होतो, खड्डा खणला की दिसतो. नदीखालचा नळ तुटला तर महिनोन् महिने काही करता येत नाही. ज्याची दुरुस्ती सगळ्यांत अवघड, ते आधी पक्कं करायचं, असा त्यामागचा विचार आहे आणि मला तो पटतो.

घरच्या टाकीने तहान भागेल. आग कशी विझवणार? १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपाने जेवढं पाडलं त्याहून कितीतरी जास्त नंतरच्या आगीने जाळलं. बंब होते, माणसं होती, पण मुख्य नळ तुटल्याने पाणी नव्हतं.

ओसाका_मुक्काम

इथे जपानात १९९५ चा कोबेचा भूकंप अजून घराघरांत आठवतात. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा कोबेत नागाता भागात होत्या. समोर घरं जळत होती आणि बंबाच्या पाइपातून पाणी येत नव्हतं, हे सांगताना त्या आजही मधेच थांबतात. सुमारे १३ लाख घरांचं पाणी गेलं होतं, सगळीकडे परत यायला तीन महिने लागले.

त्यानंतर कोबे शहराने एक काम केलं जे या धाग्यात यायलाच हवं. शहराखालून खोल बोगदा काढून त्यात २.४ मीटर व्यासाची पोलादी जलवाहिनी टाकली, १२.८ किलोमीटर. पूर्ण व्हायला वीस वर्षं गेली. भूकंपाच्या वेळी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले की ती वाहिनीच टाकी होते. व्यासावरून नळाच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढून त्याला लांबीने गुणून बघा, पावणेसहा कोटी लिटरच्या वर पाणी तिच्या पोटात राहतं.

आणि हिशोबींच्या गल्लीतल्या नळांवरही इथे तोडगा आहे. पाच मीटरचा लवचीक बिडाचा (डक्टाइल आयर्न) नळ, सांध्यात तो पाचएक सेंटिमीटर आतबाहेर सरकतो, थोडा वळतोही, पण एका हद्दीनंतर आतली कडी अडकते आणि निसटत नाही. जमीन सरकली की सगळी ओळ साखळीसारखी वाकते. कोबेत अशा सांध्यांचे नळ टिकले.

कोयनाकाठ

वा! कोबेच्या वाहिनीबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत. घरमालकीणबाईंना माझा नमस्कार सांगा.

उमरगेकर

किल्लारीच्या वेळी मी सतरा वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. आम्ही पोरं दुसऱ्या दिवशी टँकरवर बसून गेलो होतो. लोक धान्य मागत नव्हते, कपडे मागत नव्हते, ओंजळ पुढे करत होते. बाकी काही लिहवत नाही. तुम्ही हे काम समजावून सांगताय, चांगलं करताय.

एक शंका. भूकंप आला आणि जमीनच नेमकी बोगद्यावर फाटली तर?

कोयनाकाठ

उमरगेकर, तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

तुमची शंका वेगळ्या जातीची आहे. हादरणं वेगळं आणि जमिनीचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात खोली उपयोगाची नाही, ताकदही नाही. दोन-अडीच मीटर सरकणाऱ्या डोंगराला कुठलंच पोलाद अडवू शकत नाही. तिथे अडवायचं नसतं, जागा द्यायची असते. कॅलिफोर्नियात ओकलंड-बर्कलीकडे पाणी नेणारा क्लेअरमाँट बोगदा १९२९ चा, आणि तो हेवर्ड भेगेला चक्क छेदून जातो. २००७ मध्ये त्या भेगेपाशी त्याला वळसा काढला. तिथे बोगदा मुद्दाम पुष्कळ रुंद खणला आणि मधून जाड पोलादी नळ नेला. डोंगर सरकला तर नळ त्या पोकळीत वाकेल, पण पाणी चालू राहील. फ्रेझरच्या बोगद्यापुढचा मुख्य धोका हादऱ्यांचा आणि वाळूचा आहे, म्हणून तिथे खोली कामी आली.

भातसा_वैतरणा

एक व्यवहारातला प्रश्न. फट भरून टाकली म्हणजे नळाला बाहेरून हात लावता येणार नाही. तपासणी कशी?

कोयनाकाठ

आतूनच, काका. रचना उलट्या सायफनसारखी आहे: एका शाफ्टमधून खाली, नदीखालून आडवं, दुसऱ्यातून वर. आपोआप रिकामा होत नाही, पंप लावून उपसावा लागतो. मग माणूस किंवा कॅमेरा आत. म्हणून नदी ओलांडायला एकापेक्षा जास्त वाटा लागतात, एक बंद करून बघायची तर दुसरीने भार घ्यायला हवा. इथे फ्रेझरखालून सरे ते न्यू वेस्टमिन्स्टर असा २.३ किलोमीटरचा दुसरा जलबोगदाही हाती घेतलाय. शिवाय बरार्ड खाडीखालच्या बोगद्यात तर तीन नळ शेजारी शेजारी टाकलेत.

शाळामास्तर

धागा वाचून आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला ट्रेचा प्रयोग करून दाखवला. पहिल्यांदा फसला. बांधकामाची जाड वाळू होती, पाणी लगेच निथळत होतं. मग ओढ्याची बारीक वाळू चाळून घेतली आणि जमलं. चेंडू वर आल्यावर वर्गात जो गलका झाला! पण एका मुलीने अडवलं मला. म्हणाली, "गुरुजी, चेंडू पोकळ आहे म्हणून वर आला. नळात पाणी भरलेलं असतं, तो कशाला वर येईल?" मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालोय.

कोयनाकाठ

मास्तर, त्या मुलीला शाबासकी द्या, हा प्रश्न मला कॉलेजातही सुचला नव्हता. तिला हे गणित फळ्यावर करू द्या.

२.१ मीटरचा नळ दर मीटरला साडेतीन घनमीटर जागा अडवतो. पाण्याने भरला तर साडेतीन टन पाणी, आणि नळ २० मिलिमीटर जाडीचा धरला तर त्याचं लोखंड एक टन. झाले साडेचार टन. आता पातळ झालेली वाळू म्हणजे साधं पाणी नव्हे. ती पाण्याच्या जवळजवळ १.९ पट जड असते. साडेतीन घनमीटर तसली वाळू बाजूला सारली तर तिचं वजन साडेसहा टनांच्या वर. म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेला नळही दर मीटरला दोन टनांच्या जोराने वर उचलला जातो.

तिला पडताळून बघायचं असेल तर प्लॅस्टिकची छोटी बाटली पाण्याने गच्च भरून, बूच घट्ट लावून त्याच ट्रेमध्ये आडवी पुरा. बारीक वाळू भरपूर घ्या आणि टकटक जरा जास्त वेळ करा. चेंडूसारखी टुपकन येणार नाही, सावकाश येईल.